कोरडं घर

आमच्या गल्लीत नदी आधी मोरीत येते. बाहेर रस्ता कोरडा असतो, दूधवाला नेहमीसारखा हाका घालत जातो, आणि मोरीच्या भोकातून गुडगुड ऐकू यायला लागते. ती सुरू झाली की जुनी माणसं मुकाट्याने गाद्या गुंडाळायला घेतात. पंचगंगेला घाई नसते. ती तासाला चार बोटं चढते, मध्येच थांबते, आणि माणसाला वाटत राहतं की अजून वेळ आहे. त्या वाटण्यानेच आमचा घात केला, असं गल्लीत सगळे म्हणतात. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. मी वेळेत जागा झालो, वेळेत कामाला लागलो, आणि जे वाईट झालं ते त्या तत्परतेमुळे झालं.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पॅटर्नमेकर होतो. फाउंड्रीत वाळूचा साचा उठवायला लाकडाचा नमुना लागतो, तो मी बनवायचो. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर ओतलेला माल भंगारात जातो, त्यामुळे नजर आणि हात दोन्ही तयार झाले होते. मला त्या हातांची घमेंड होती. कुणाच्या घरी गेलो की दाराच्या फटीत बोट घालून बघायचो आणि न विचारता मत द्यायचो. बायको म्हणायची, एक दिवस कुणीतरी मुद्दाम दार लावून घेईल.

आमची चार घरं एका ओळीत, वर एकच कौलारू छप्पर. शेवटचं माझं, त्याला लागून मावशींचं. मावशी म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, ब्लाउज शिवून एकटीचं भागवायच्या. बायको बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा दीड महिना मी त्यांच्याच घरी जेवलो, आणि रोज एकदा तरी बोलणी खाल्ली. मला स्वतःची आई आठवत नाही. माझा मावशींवर आईइतका जीव होता आणि आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तसं कुणाला वाटणार नाही.

आमच्या दोन घरांमधली भिंत सामाईक होती. नऊ इंची, विटा मातीत बसवलेल्या, वरून चुन्याचा गिलावा. मावशींच्या माळ्याच्या तुळया याच भिंतीत रोवलेल्या. भिंत आढ्यापर्यंत पोचत नव्हती, वर दोन हात मोकळं होतं. तिकडून शिलाई मशीनचा आवाज आमच्याकडे यायचा आणि आमच्या फोडणीचा ठसका तिकडे जायचा. आम्ही नवरा-बायको भांडायला लागलो की मावशी माळ्यावरून म्हणायच्या, "जरा हळू, मला माप चुकालंय."

मागच्या मोठ्या महापुरात आम्ही सगळेच बुडालो होतो. त्यानंतर मी पुढची आणि मागची भिंत सिमेंटमध्ये नव्याने बांधून घेतली. मधली तशीच ठेवली, कारण ती दोघांची होती आणि मावशींना घरात धूळ नको होती. दार मात्र जुनंच राहिलं. सागवानी होतं, टाकवलं नाही, पण पाण्याने त्याचा खालचा भाग फुगून मऊ झाला होता. बोटाने दाबलं तर भुसा यायचा. त्यात त्या वर्षी पावसाने आठवडाभर उसंत दिली नाही, आणि वाऱ्याने शेजारच्या मोकळ्या जागेतला शेवगा मोडून माझ्या पुढच्या खिडकीवर घातला. काच, झडप, सगळं आत. दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेची गाडी भोंगा लावून गेली, नदीने इशारा पातळी ओलांडली म्हणून. संध्याकाळी मोरी बोलायला लागली.

माझ्या हातात एक दिवस होता, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला होता. मागच्या वेळी आपण घाबरून पळालो, या वेळी नदीला दाखवतो, असं काहीतरी डोक्यात होतं. वॉटरप्रूफ प्लाय आणला. दाराच्या आणि खिडक्यांच्या चौकटींचं माप घेतलं, चौकटीला कडेने सायकलची ट्यूब कापून चिकटवली, त्यावर बाहेरून प्लाय ठेवून दर चार इंचांवर स्क्रू मारला, आणि कडा सिलिकॉनने भरल्या. बाहेरून अशासाठी, की पाणी जितकं दाबेल तितकी फळी चौकटीवर घट्ट बसावी. मोरीला निमुळतं लाकडी बूच ठोकलं. संडासात सिमेंटचं पोतं दाबून बसवलं. पुढचं दार शेवटी, बायको आणि पोरगी पिशव्या घेऊन बाहेर आल्यावर बंद केलं. समोरचा शेजारी ट्रॅक्टरमध्ये सामान चढवता चढवता म्हणाला, "पाणबुडी बांधालायस काय मर्दा?"

मी म्हटलं, "परत आल्यावर बघ कुणाचं घर कोरडं असतंय ते."

मावशी स्वतःच्या उंबऱ्यावर बसून नारळाला हळदकुंकू लावत होत्या. शेजारी खण, तांदूळ. आमच्याकडे पाणी दारात आलं की नदीची ओटी भरतात. त्यांचं पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं सताड उघडी होती.

"मावशी, तुमच्या दारालापण लावतो की. तासाभराचं काम हाय," मी म्हणालो.

"काय नको. नदी आली तर तिला वाट द्यायची असती, लेका. फुडनं आली, मागनं गेली. आडवली की ती आडमुठ्यावानी वागती."

"ती तशीही आत येणार म्हणून स्वतःच दार उघडायचं? ह्यो कुठला न्याय?"

"माझ्या सासूनं हेच केलं, तिच्या सासूनं हेच केलं. चिखूल काढला की झालं."

"आन् चोरीमारी? मागच्या वेळी पितळी भांडी गेल्याली विसरलात?"

"म्हणून तर मी माळ्यावर बसणार हाय. स्टो हाय, पाणी हाय, मशीन वर घेतलंय. गौरीच्या सणाचे चौदा ब्लाउज बाकी हायती." मग माझ्या दाराकडे बघून म्हणाल्या, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा."

बायको हळूच म्हणाली, "अहो, त्यांना ओढून न्या." मी प्रयत्न केला, पण मनापासून केला असं म्हणवत नाही. मागच्या महापुरातही पाणी त्यांच्या माळ्याला लागलं नव्हतं. शिवाय कुणीतरी गल्लीत असलं तर माझ्या फळ्यांकडेही लक्ष राहील, हा हिशोब मनात होता. तो मी बायकोला बोललो नाही.

आम्ही मंगळवार पेठेत सासऱ्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी गल्लीत पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला.

"माझ्यात कंबरंएवढं झालंय. तुझ्यात बॅटरी मारून वाकून बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत हाय की रं. देवाशप्पत, जिंकलास बघ."

त्या आवाजात कौतुक होतं. त्यांच्याकडून कौतुक मिळायचं म्हणजे दुर्मीळ, त्यामुळे मला चेवच आला. मी सासऱ्यांच्या इमारतीतल्या सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगून आलो. ट्यूबची युक्ती सांगितली, प्लायची जाडी सांगितली. लोक चहा देत होते आणि मी पिऊन पुढच्या दारात जात होतो. परत आलो तेव्हा सासरे गॅलरीत बसले होते. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस, बोलणं कमी. त्यांनाही सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "त्यांच्यात पाणी किती म्हणालासा?"

"कंबरंएवढं, मामा."

"आन् तुमच्यात?"

"थेंब न्हाय."

"मधली भिंत कशात हाय?"

"मातीत."

त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे तिकडनं नदी ढकलालीया आन् हिकडनं धरायला कोण न्हाय. दोन्हीकडं पाणी असतं तर भिंत हुभी राहिली असती, जावईबापू."

साच्यात वितळलेलं लोखंड ओतताना त्याची वरची पेटी उचलली जाऊ नये म्हणून वजनं ठेवतात, हे मी रोज बघत होतो. पातळ पदार्थ किती जोरात ढकलतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. नदीला वाट द्यायची म्हणजे काय, हेही तेव्हा कळलं. मावशींची सासू भोळी नव्हती. ओळीतल्या सगळ्या घरांची दारं उघडी असली की पाणी सगळीकडे एकाच पातळीला उभं राहतं आणि कुठल्याच भिंतीवर एका बाजूने भार येत नाही. चार घरांतली तीन उघडी होती. चौथं मी बंद केलं होतं, आणि त्या एका भिंतीवर मावशी बसल्या होत्या.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बहुतेक चार्जिंग संपलं असावं. सासऱ्यांची पहार उचलली आणि मी पळत सुटलो. बायको मागून काहीतरी ओरडत होती, ते ऐकायला थांबलो नाही. पाण्याच्या कडेला तालमीतल्या दोघा गड्यांची रबरी बोट होती. त्यांना म्हटलं, बाई अडकलीय. मी अडकवली, हे सांगितलं नाही.

गल्ली ओळखू येत नव्हती. पाणी चहाच्या रंगाचं, आवाज नसलेलं, वर गॅसची एक टाकी तरंगत होती. माझ्या दाराशी उतरलो तेव्हा पाणी छातीला लागलं. फळी तशीच होती, एक कड सुटली नव्हती. मी पहार मारली. नुसता ओरखडा उठला. दुसऱ्या घावाला टोक जरा रुतलं. पाण्यात उभं राहून घावात जोर येत नव्हता, आणि त्या पाण्यानेच फळी आत दाबून धरली होती. इतकं चांगलं काम मी कारखान्यातही कधी केलं नसेल.

छपरातली दोन कौलं सरकली आणि मावशींचं डोकं बाहेर आलं.

"काय करालायस रं?"

"मावशी, भिंत पडणार हाय. माझ्या घरात पाणी घ्यायला पायजे. तुम्ही कौलावर या, बोटीत घेतो."

"कशाची भिंत? साठ वर्सं हुभी हाय ती." त्या खरोखर चिडल्या होत्या. "मोडू नगंस ते. आत्ताच बघितलंय, सगळं जिथल्या तिथं हाय. पोरीची पुस्तकं, टीव्ही, कपाट. माझं भिजलं ते भिजलं, तुझं कशाला घालवतोस?"

मी पहार उचललेली होती. तिसरा घाव त्याच जागी बसला असता तर प्लाय फुटला असता, हे मला हाताला कळत होतं. मी घाव घातला नाही. साठ वर्षं उभी आहे, हे मलाही पटावंसं वाटलं. सासरे म्हातारे झालेत, उगाच घाबरवतात, असंही वाटलं. अख्ख्या गल्लीत एकच कोरडं घर, ते माझं, आणि ते मी स्वतःच्या हाताने बुडवायचं?

बोटीतल्या गड्याने विचारलं, "काका, फोडायचं का बाईंस्नी आधी काढायचं?"

"एक मिनिट," मी म्हणालो.

आधी फक्त गिलावा सुटल्याचा आवाज आला, आतून, पोतं सांडावं तसा. मग भिंत माझ्या घरात गेली. फळीच्या आतून पाणी आदळल्याचा दणका माझ्या छातीला लागला. छप्पर मध्ये वाकलं, कौलं घसरून आमच्यावर आली, आणि जिथे मावशींचं डोकं होतं तिथे भोक राहिलं. माझी फळी तेव्हाही जागची हलली नाही.

त्या दोघा गड्यांनी कौलांतून आत उतरून त्यांना काढलं. तुळईखाली उजवा पाय होता. सरकारी दवाखान्यात तो गुडघ्याखालून कापावा लागला. चौदा ब्लाउज, मशीन, दोन्ही घरं गेली. पंचनाम्याला आलेल्या माणसाने लिहिलं की पुराच्या पाण्याने भिंत कोसळली, आणि मी खाली सही केली.

आता मावशी आमच्याकडेच राहतात, भाड्याच्या घरात, नदीपासून लांब. नवं मशीन विजेवरचं आहे, डाव्या पायाने चालवतात, आणि मी अजून त्यांची बोलणी खातो. माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला त्या दिवसाची गोष्ट सांगतात. "ह्या पोरानं माझ्यासाठी सोताचं घर फोडाय काढलतं," म्हणतात. "छातीभर पाण्यात हुभा राहून पहार मारत होता." पहिला घाव सांगतात, दुसरा सांगतात, आणि तिथून थेट भिंतीवर येतात. मी त्यांच्यापासून आठ-दहा फुटांवर होतो. मी "एक मिनिट" म्हणालो ते त्यांना ऐकू गेलं होतं का, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.