उत्तर आल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही

मामांची स्कूटर त्या सकाळी भिंतीकडं तोंड करून उभी होती.

एवढ्यावरून कुणी घाबरतं का, असं तुम्ही म्हणाल. मी घाबरते. मी कुकरच्या पहिल्या शिट्टीलाही दचकते. पण मामांना ओळखणारा कुणीही त्या स्कूटरपाशी थबकलाच असता. ते गाडी कायम फाटकाकडं तोंड करून लावतात. का, ते कळायला आधी बाकीचं सांगावं लागेल. मामांचे किस्से माळ्यावरच्या सामानासारखे आहेत. एक ओढावा तर चार डोक्यावर पडतात.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मूळचे पाचोडचे, तिथल्या गुरुजींचा मुलगा. तीसेक वर्षं प्रवासी विमानं चालवली, रिटायर झाले आणि सिडकोत आमच्या मागच्याच गल्लीत येऊन राहिले.

*

एकदा मुंबईहून इकडं येणाऱ्या विमानात पाचोडचे एक आबा बसले होते. पहिलाच प्रवास, मांडीवर दशम्यांचं गाठोडं. घोषणेत कॅप्टनचं नाव ऐकलं आणि त्यांनी एअरहोस्टेसला बोलावून घेतलं.

"ताई, हा आमच्या गुरुजींचा पोरगा. त्याला म्हणावं, लई घाई करू नको. आम्हाला काय काम नाय."

तिनं निरोप पोचवला. थोड्या वेळानं स्पीकरवर मराठीत आवाज आला, "पाचोडच्या आबांचा निरोप मिळाला. सावकाशच चाललोय."

आबांनी शेजारच्या टायवाल्या माणसाकडं बघितलं. "ऐकतंय पोरगं."

*

दुसऱ्या एका गावी उतरताना वारा आडवा आला. चाकं टेकायच्या आधीच मामांनी विमान पुन्हा वर उचललं. वैमानिकांच्या दृष्टीनं ही रोजची गोष्ट, पण आत सगळे गप्प. त्या शांततेत मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "अहो, स्टँड मागं राहिलं की!"

मामा म्हणायचे, "इतकी वर्षं चालवलं, पण मला थांबवायला कुणी बेल मारायचंच बाकी राहिलं होतं."

*

रिटायर झाल्यावर ते सलीमभाईंच्या रिक्षातून फिरायचे. रस्त्यात म्हैस आडवी आली, सलीमभाईंनी करकचून ब्रेक मारला आणि मागं वळून म्हणाले, "कॅप्टन साब, तुमारा काम आसान है. उप्पर भैंस नइ आती."

मामांनी विचार केला आणि म्हणाले, "बात तो सही है." त्यानंतर ते पुढच्या सीटवर, सलीमभाईंच्या शेजारी अंग चोरून बसायला लागले. म्हशींवर नजर ठेवायला दुसरा माणूस हवा म्हणे.

*

मामांकडं एक कार्ड आहे, लॅमिनेट केलेलं. गॅस, नळ, गीझर, मागचं दार, किल्ली. घरातून निघताना मामीनं एकेक शब्द मोठ्यानं वाचायचा, मामांनी जाऊन बघायचं आणि उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही. विमानातही असंच असतं. स्कूटरही घरी येतानाच फाटकाकडं तोंड करून लावायची, ऐनवेळी निघायचं झालं तर वळवत बसायला नको.

एकदा आम्ही सगळे खुलताबादला दर्शनाला निघालो. पाहुण्यांची घाई, म्हणून मामीनं सगळं स्वतःच भराभर म्हणून टाकलं. घाट चढून गेल्यावर मामांनी विचारलं, "गॅस बघितला होतास का?"

"असेल की बंद."

मामांनी गाडी वळवली. घरी आलो. गॅस बंदच होता. मामी म्हणाली, "बघा, होता की नाही?"

"होता. आता माहीत आहे."

मामी माझ्याकडं वळून म्हणाली, "लग्नात मंत्र भटजींनी म्हटले. तेव्हापासून मीच म्हणतेय."

*

एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात दूध तापवत होते, कानात इअरफोन. मामांनी मागून हाक मारली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी माझा हात बाजूला केला, गॅस बंद केला आणि शांतपणे म्हणाले, "आय हॅव कंट्रोल." मी इतकी दचकले की सांडशी त्यांच्या पायावर पडली.

लंगडत खुर्चीवर बसून त्यांनी समजावलं. कॉकपिटमधल्या दुसऱ्या माणसाला दोनदा विचारायचं. दोन्ही वेळा उत्तर आलं नाही, तर त्याला काहीतरी झालंय असं धरायचं आणि हेच शब्द म्हणून विमान आपल्या हातात घ्यायचं. लाजायचं नाही, वाट बघायची नाही.

"मला नाही जमणार मामा, मी घाबरट आहे."

"बरंय की. न घाबरणाऱ्याच्या शेजारी बसून मी कधी जेवलोसुद्धा नाही."

*

आता ती सकाळ. मामी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. जाताना घराची किल्ली आणि ते कार्ड, दोन्ही माझ्या हातात देऊन गेली होती. "ह्यांना रोज निघताना वाचून दाखव. नाहीतर घराबाहेर पाय टाकणार नाहीत."

तिसऱ्या दिवशी स्कूटर भिंतीकडं तोंड करून. पेपर फाटकातच. बेल वाजवली, कुणी आलं नाही. मामीला फोन लावला, तिनं उचलला नाही. किल्लीनं दार उघडलं. करपल्याचा वास. गॅसवर चहाचं पातेलं कोरडं पडून काळं झालं होतं. गॅस बंद केला.

बाथरूमचं दार आतून लावलेलं.

"मामा?"

काही नाही.

"मामा?"

दोनदा झालं. तोंडातून आपोआप निघालं, "आय हॅव कंट्रोल." अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, पत्ता न अडखळता सांगितला. शेजारच्या काकांना हाक मारली. ते दार तोडायला पहार आणायला पळाले. मी दाराला खांदा लावून बघितला. हललं नाही.

मग मी फरशीवर बसले. हातात कार्ड होतं, कधी काढलं आठवत नाही. दाराच्या फटीशी तोंड नेऊन मी पहिला शब्द वाचला.

"गॅस?"

उत्तर नाही. मी पुढचा वाचला नाही.

"गॅस?"

आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. बादली असेल.

"मामा, गॅस?"

"चालू हाय," आतून आवाज आला. बारीक, आणि पार पाचोडचा. "आधी तो बंद कर. मग पुढचं वाच."