काठावरची जागा

स्टुडिओवाल्यांची कुरळी माझ्या भिंतीपलीकडे वाढली. मी फ्रेमा करतो, तिचे काका फोटो काढतात. काकांच्या भावाने लग्न केलं ते समुद्रापलीकडच्या, दुसऱ्याच वंशाच्या बाईशी. पुढे दोघंही गेली. मागे राहिली ही पोर, आईसारखी काळीभोर, आईच्याच घट्ट कुरळ्या केसांची. काकांनी तिला वाढवलं, शिकवलं, हातात कॅमेरा दिला. बोट ठेवायला कुठे जागा नाही. तिथेच ती अडकली. वाईट वागले असते, तर भांडून निघून तरी गेली असती!

गिऱ्हाईक विचारायचं, "ही कामाला ठेवलीय का?"

"छे छे, घरच्यासारखीच आहे," काका म्हणायचे. ते 'सारखी' ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कुरळी लाइट सरळ करायची.

या धंद्यात एक शहाणपण आहे. ज्याच्या नात्याची खात्री नाही, त्याला ग्रुपमध्ये काठाला उभं करायचं. उद्या बिनसलं, की कड कापून मोकळे. कुरळी जन्मभर काठाला. स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेल्या घरच्या फोटोत तिचा नुसता खांदा उरला होता. "एकदा त्या काचेत अख्खी दिसले ना, बास," ती मला म्हणायची.

यंदा काचेतला फोटो बदलायचा ठरला. मापासाठी मलाही बोलावलं.

"तूच काढ गं, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही," काका म्हणाले.

तिने कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला आणि धावत जाऊन काकू आणि चुलतबहिणीच्या मधे बसली. अगदी मधोमध! आता काप म्हणावं कड. मला इतका आनंद झाला, की मी टाळीच वाजवली.

काकांनी उठून फोटो पाहिला. रागावले नाहीत.

"छान आलाय. पण काकूचे डोळे मिटलेत. अजून एक घेऊ. या वेळी तू कॅमेऱ्यामागे उभी राहूनच काढ बाळ, टायमरचा काय भरवसा?"

मी कॅमेऱ्यात डोकावलो. काकूचे डोळे टक्क उघडे होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुरळीने मान हलवून मला गप्प केलं. तिने काकूकडे पाहिलं. काकू मांडीवरचा नसलेला कचरा झटकत होती.

कुरळी उठली. काका जागेवर जाऊन बसले. तिने कॅमेऱ्याला डोळा लावला. सगळे हसून तयार होते.

"मधे जागा दिसतेय," ती म्हणाली. "जवळ सरका जरा."

सगळे लगेच सरकले.