दर उतरायची वाट पाहताना

मंडळी, अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की आज सकाळी खडोलीच्या रस्त्यावर स्कूटर ढकलताना माझ्या नव्या चपलेचा अंगठा तुटला.

चूक माझीच. परदेशात तेल स्वस्त झाल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि इथेही दर उतरतील म्हणून चार दिवस टाकी भरलीच नाही. मुलांना नफा-तोटा शिकवणारा मास्तर मी! आखातात भांडण झालं की आपल्या पंपावरचा आकडा एका रात्रीत चढतो. भांडण मिटलं की त्याला उतरायला जिनाच सापडत नाही. किळस आलीय या लबाडीची.

कारखान्यात निघालेला धुळ्याचा एक मोटरसायकलवाला थांबला. "काय सर, पेट्रोल खपलं ना?"

"दर उतरायची वाट बघत होतो."

"मी लग्न झालं तेव्हापासून बघतोय! बसा, पाय लावतो."

माझ्या स्कूटरला पाय टेकवून त्याने मला उलट दिशेच्या पंपापर्यंत ढकलत नेलं. "तुमच्यातही टाकू थोडं," मी म्हणालो.

"नको सर, उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. घरी जायपुरतं आहे." आणि तो सुसाट गेला.

संध्याकाळी त्याच रस्त्यावर तो गाडी हाताने ढकलत चालला होता. मला बघून उलट तोच ओशाळला.

तेल परदेशातलं, भाव वरून ठरलेला. माझ्या शहाणपणाची किंमत या माणसाने का मोजावी, सांगा?

"बसा भाऊ," म्हणालो आणि त्याच्या गाडीला पाय लावला.