खालून तिसरं नाव

"सर, खालून बगा. वर आपलं काय नाय."

सोमवारी सकाळी संगणकाच्या प्रयोगशाळेचं कुलूप काढलं की आमचे शिपाईभाऊ माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि हे वाक्य म्हणायचे. मी इंग्लंडच्या फुटबॉलचा गुणतक्ता उघडायचो. वीस क्लब. भाऊ पडद्यावर बोट टेकवायचे ते विसाव्या नावावर, आणि तिथून एकेक नाव वर चढायचे. शेवटचे तीन क्लब वर्षाअखेर खालच्या वर्गात ढकलले जातात, एवढा नियम त्यांना पाठ होता. बाकी फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय हे मी दोनदा समजावलं, तेव्हा निव्वळ मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी मान डोलावली.

तुम्हाला वाटेल, अवसरीच्या कॉलेजातल्या शिपायाला इंग्लंडच्या क्लबचं काय पडलंय. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्या क्लबच्या मैदानाचं गवत त्यांचा मुलगा राखत होता. शेतकी शिकलेला पोरगा पुण्याजवळ गोल्फच्या मैदानावर लागला आणि तिथल्या ओळखीतून थेट इंग्लंडात गेला. सुरुवातीला हे सांगताना भाऊंना हसू यायचं. "आमी जल्मभर गवत काडलं, ह्यो लावतोय." क्लबचं नाव काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही. ते 'आपला क्लब' म्हणायचे.

त्या वर्षी आपला क्लब हरतच सुटला. दिवाळीपर्यंत भाऊंच्या बोटाला वर चढायचं कामच उरलं नाही. मुलानं फोनवर सांगितलं होतं, क्लब खाली गेला तर निम्मी माणसं कमी करणार, आणि नोकरी गेली की तिथं राहायची परवानगीही जाणार. सुनेला तिसरा महिना होता. भाऊंनी घरात कुणाला हे सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, कारण तक्ता मी उघडत होतो.

भाऊ भित्रे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. बोरी बुद्रुकला एसटीतून उतरून ते अंधारातच उसामधल्या वाटेनं मळ्यात जायचे. त्या उसात बिबट्याची मादी व्याली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी विचारलं तर म्हणाले, "ती तिच्या वाटंनं, मी माझ्या." पण सोमवारी पडद्यावर पान यायला जरा उशीर झाला, की ते मागून माझी खुर्ची गच्च धरायचे.

फेब्रुवारीत एका शनिवारी संध्याकाळी आपल्या क्लबचा सामना वसतिगृहाच्या मेसमधल्या टीव्हीवर लागला. भाऊ घरी न जाता थांबले. पोरं चेंडूकडे बघत होती, भाऊ गवताकडे. "गोलाम्होरं पाणी मुरत नाय," ते पुटपुटले. अर्ध्या तासानं नेमका तिथंच क्लबचा सगळ्यात चांगला खेळाडू वळायला गेला, पाय चिखलात रुतला आणि गुडघा फिरला. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. मग हिरवं जाकीट घातलेला एक माणूस दाताळं घेऊन ती उखडलेली जागा बसवायला आला, आणि अख्ख्या मैदानानं त्याची हुर्यो उडवली. कॅमेऱ्यानं त्याला पाठमोरा दाखवला. मेसमधली पोरंही हसली.  भाऊ फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "सर, त्यो आपला हाय."

त्यानंतर मुलाचा फोन येईना. भाऊ लावायचे तर बंद. सुनेशी एकदा बोलणं झालं. ते जेवत नाहीत, बोलत नाहीत, भिंतीकडे बघत बसतात, असं ती म्हणाली. नवव्या दिवशी भाऊ माझ्याकडे आले, पण तक्ता उघडायला सांगितलं नाही. त्यांचा एक चुलतभाऊ असाच गप्प गप्प राहून एक दिवस विहिरीत सापडला होता. हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

मुलाला मेल करा म्हणाले. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. गोलापुढं चर काढ, वाळू घाल, साहेबाला सांग की दोष पाण्याचा आहे. मग म्हणाले, ते सगळं खोडा.  शेवटी एवढंच राहिलं: "फोन कर. मॅचचं इचारणार नाय."

चार दिवस काही आलं नाही. भाऊंनी घंटा वेळेवर दिली, फायली फिरवल्या, पण एक हात सतत खिशातल्या मोबाइलवर. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. इंग्लंडहून वाईट काही आलं, तर ते आधी मलाच वाचावं लागणार होतं.

पाचव्या दिवशी व्हरांड्यात फोन वाजला. भाऊ आमच्याकडे पाठ करून बोलत होते. सुनेच्या तब्येतीचं विचारलं, थंडीचं विचारलं, गाईला कालवड झाल्याचं सांगितलं. मॅचचं विचारलं नाही. फोन ठेवून पायरीवर बसले आणि पाणी मागितलं.

"रडला," म्हणाले. "लई बरं झालं."

मे महिन्यात क्लब पडला. खालून तिसरा. मुलाची नोकरी गेली, मुदतीत दुसरी मिळाली नाही, आणि जुलैत तो बायको आणि दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन गावी परतला. भाऊंना ज्या ज्या गोष्टीची भीती होती ती ती झाली. जिची सगळ्यात जास्त होती, ती मात्र झाली नाही.

त्याच सुमारास माझी बदली झाली आणि पुढं आमची भेट राहूनच गेली. शेवटचे दिसले ते श्रावणात, भीमाशंकरहून मंचरला येणाऱ्या गाडीत. शेजारी मुलगा. चांगला तीस वर्षांचा बाप्या, पण वडलांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपला होता. घाटात वळण आलं की त्याचं डोकं घसरायचं, आणि भाऊ तळहातानं ते परत जागेवर आणायचे. मी बोलायला पुढं झालो, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मी मागं दांड्याला धरून उभा राहिलो.

मंचरला सगळी गाडी रिकामी झाली. मी खाली उतरून खिडकीतून पाहिलं. त्यांची पुढची एसटी पलीकडे सुटायला उभी होती. भाऊंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मुलाला न उठवता तसेच बसून राहिले.