आपाचा पाचवा हिस्सा

इस्लामी अर्थशास्त्र हा कॉलेजातला माझा विषय. एवढं सांगितलं की लोक लगेच व्याजाचं विचारतात आणि माझं डोकं सणकतं. अरे, व्याजापलीकडेही त्यात पुष्कळ आहे, हे सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. माझ्या नव्या पुस्तकातलं वारशावरचं प्रकरण तर मी जीव ओतून लिहिलं: मुलीचा हिस्सा ही भावांची मेहेरबानी नव्हे, तो ठरलेला हक्क आहे.

विश्रामबागेतल्या आमच्या घरी बायको त्या प्रकरणाचं प्रूफ तपासत होती. ती शाळेत मराठी शिकवते, एक चूक सोडत नाही. लाल पेन खाली ठेवून म्हणाली, "मग आपांचं काय?"

आपा म्हणजे माझी थोरली बहीण, साताऱ्यात असते. अब्बा-अम्मी गेल्यावर वाईजवळची जमीन आम्हा दोघा भावांच्या नावावर झाली. भावांना दोन-दोन वाटे, बहिणीला एक, म्हणजे त्यातला पाचवा हिस्सा तिचा. पण आमच्या भागात, हिंदू असो की मुसलमान, बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि सणाला माहेरी साडी घ्यायला यायचं, ही रीत. आपानं सही केली. साक्षीदार मी. तेव्हा माझं एम.ए. झालेलं होतं, हिस्से तोंडपाठ होते.

"तिनं राजीखुशीनं सोडलंय," मी खेकसलो.

"तुम्ही विचारलं होतं?"

पुस्तक आठवड्यात छापायला जायचं होतं. रविवारी सकाळी साताऱ्याची एसटी पकडली आणि गाडीतूनच थोरल्या भावाला फोन लावला. जमीन तोच कसतो. तो शांतपणे म्हणाला, "लय शिकलास तू. कागदाला हात लावलास तर या घरात पाय ठेवायचा न्हाई."

लाज वाटते, तरी सांगतो. मी द्यायला निघालोच नव्हतो, नुसता विचारायला निघालो होतो. आपा नको म्हणणार याची मला खात्री होती. बहिणी नकोच म्हणतात. ती एकदा नको म्हणाली की भावाशी वाकडं नाही आणि पुस्तक छापायला मी मोकळा.

आपा मेथी निवडत होती. मी समोर बसून सांगितलं, माझ्या नावावरचा तुझा वाटा तुझ्या नावावर करतो म्हणून. भावाचं बोलणंही सांगितलं, तेव्हा आवाज जरा जास्तच जड केला. तिनं मान वर केली नाही. जुडी संपवली, हात धुतले, आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडतेय.

ती आली ती आधार कार्ड, दोन फोटो आणि सातबाऱ्याचा उतारा घेऊन. उतारा गेल्याच महिन्यातला होता.

"हा कुठनं आणलास?"

"दरसाल काढते मी," ती म्हणाली. "कचेरी कवा उघडते? उद्या रजा टाक."

"आपा, पण भाई..."

"त्याचंबी बघू. आधी तुझं."

ती आता तरी राहू दे म्हणेल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मी प्राचार्यांना फोन लावीपर्यंत ती समोरून हलली नाही.