घोरणारा पुरावा

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले तपासनीस म्हणजे अवघड माणूस. औषधाची चाचणी खरोखर रुग्णांवर झाली की खुर्चीत बसून रचली, हे हुडकायचं त्यांचं काम. सगळे रुग्ण एकसारखे बरे झाले, एकही मध्येच कंटाळून पळाला नाही, की यांना वास आलाच म्हणून समजा. मी सहज "आज बरं वाटतंय" म्हटलं तरी विचारतात, "कशाच्या तुलनेत?"

माणूस एवढा चोख, पण दुपारी आडवा झाला की असा घोरतो, आमच्या फडताळातली भांडी बोलू लागतात.

त्यांच्या डॉक्टर मेहुण्याने नेमकी घोरण्यावरच गोळी काढली आणि चाचणीचे कागद नेमके यांच्याच टेबलावर आले. रुग्णांची नावं नव्हती, पण एकाच्या डाव्या पायाला सहा बोटं! यांनी टेबलाखाली स्वतःचा पायमोजा काढून खात्री केली. गोळी कधी चाखलीही नव्हती, आणि कागदावर पठ्ठ्या ठणठणीत बरा! वर वहिनींची, म्हणजे यांच्याच बायकोची, सही: हे आता घोरत नाहीत.

घरचं प्रकरण म्हणून त्यांनी कागद कचेरीतल्या मोठ्या बाईंकडे सोपवले आणि स्वतः पुरावा म्हणून उभे राहिले. उभे कसले, बैठकीच्या टेबलावर उशी घेऊन आडवे! घोरले तर मेहुण्याची गोळी बाद. त्रयस्थ कान म्हणून मलाही बोलावलं होतं.

पण सगळे टक लावून बसल्यावर झोप कसली येते! तपासनीस नुसते कुशी बदलत राहिले. मेहुणा खुलला.

"बघा, गोळीचा गुण!"

"न घेताच?" मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा हो, शेजारी!"

वहिनी कोपऱ्यात फुगून बसलेल्या. "माझ्याच भावाच्या मुळावर उठलेत. घरी या म्हणावं, मग बघते."

तेवढ्यात तपासनिसांची मान उशीवरून घसरली. वहिनी चडफडत उठल्या, उशी सारखी केली आणि रोजच्या सवयीने टकलावरून हात फिरवू लागल्या.

दुसऱ्याच क्षणी मोठ्या बाईंच्या पुढ्यातला पेला थरथरला.

"ताई, अगं काय केलंस हे!" मेहुणा किंचाळला.

"हळू बोल रे," वहिनी हात न थांबवता म्हणाल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय."