मंजूर झालेला अर्ज

हिंदी मुलखातल्या पनागरच्या तहसीलीसमोर चिंतामणी गोतमारेचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरा धंदा अर्ज लिहून द्यायचा. नळाला पाणी नाही, खांबावर दिवा नाही, म्हातारीची पेन्शन अडली, की माणूस त्याच्याकडे येतो. चिंतामणी 'सविनय निवेदन है' अशी सुरुवात करून दगडाला पाझर फुटेल असं दीड पान लिहून देतो. बावीस वर्षांत त्याच्या अर्जाने कोणाचं काम झाल्याचं कोणाला आठवत नाही. पण अक्षर मोत्यासारखं, म्हणून गिऱ्हाईक टिकून आहे.

त्याची मुलगी मैथिली चौथं लागायच्या आत दुकानाच्या पायरीवर बसून रद्दीतले अर्ज वाचू लागली. पाचव्या वर्षी तिसरीची गणितं तोंडी करायची. मोड चुकीची दिली तर भाजीवाल्यालाही सोडत नसे. बायको, प्रणाली, म्हणाली, "अजी, हिला शहरातल्या चांगल्या शाळेत टाका ना. इथं वाया जाऊन राहिली पोरगी."

झालं. शहरातल्या विजय नगरच्या एका शाळेत मुलाखत झाली. मॅडमनी चित्र दाखवून विचारलं, चिडिया किती? मैथिली म्हणाली, "सात. आठवीं की सिर्फ पूँछ दिख रही है, उसको गिनना है क्या?" दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी उलट उत्तरं देते.

दुसरी शाळा मात्र हुरळून गेली. थेट तिसरीत बसवलं आणि फाटकावर मैथिलीचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स लावला. वर्गातली मुलं आठ वर्षांची. बाथरूमची कडी उंच, हात पोचत नव्हता, आणि एवढी हुशार मुलगी कडी काढून द्या म्हणेल असं कोणाला वाटलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच कोणाचा तरी स्कर्ट घालून घरी आली. पुढच्या आठवड्यात बापाने सहज विचारलं, सात आणि पाच किती? म्हणाली, "अकरा." मग हळूच सांगितलं, "चुकलं की खालच्या वर्गात पाठवतात ना, बाबा?" चिंतामणीने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव शाळेतून काढलं. फ्लेक्स दिवाळीपर्यंत तसाच होता.

शेवटी हात टेकून त्याने तिला घरामागच्या सरकारी शाळेत पहिलीत घातलं. तिथे तीन वर्ग आणि शिक्षिका एकच, श्रद्धा मॅडम. दोन जागा नऊ वर्षं रिकाम्या. त्यामुळे तिन्ही वर्ग एकाच खोलीत, तरटाच्या एकाच लांब टाटपट्टीवर. मैथिली गाणी पहिलीबरोबर म्हणायची, गणितं तिसरीबरोबर सोडवायची. शेजारची दुर्वा तिच्या रिबिनी बांधून द्यायची आणि ती दुर्वाला पाढे सांगायची. कोणी तिला हुशार म्हणत नव्हतं, कारण कोणाला सवड नव्हती. पोरगी सकाळी स्वतःहून दप्तर उचलू लागली. फी भरून जे मिळालं नाही, ते दोन रिकाम्या खुर्च्यांनी फुकटात दिलं.

एकदा घसा बसलेल्या श्रद्धा मॅडम म्हणाल्या, "गोतमारेजी, तीन कक्षा, अकेली. अब आवाज ही नहीं निकलती." चिंतामणीला भरून आलं. या बाईचे उपकार फेडायचे कसे? त्याला येत होतं ते एकच. त्याने बसून अर्ज लिहिला, विषय: रिक्त पदों पर शिक्षकों की नियुक्ति हेतु. आयुष्यातला सगळ्यात सुरेख अर्ज. काही होणार नाही, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

संक्रांतीनंतर दोन शिक्षक हजर झाले.

गावात पेढे वाटले. ज्याचा अर्ज कधी लागला नाही त्याचा लागला, म्हणून लोकांनी चिंतामणीला हार घातला. त्याने अर्जाची झेरॉक्स फ्रेम करून दुकानात लावली. श्रद्धा मॅडमचा आवाज परत आला. बंद खोल्यांची कुलपं निघाली, प्रत्येक वर्गाला आपली खोली आणि आपला शिक्षक मिळाला. चाळीस पोरांचं भलं झालं.

पहिलीला आलेले अजिंक्य सर फार कर्तव्यदक्ष. दिवसभर एक ते वीस घोटून घेत. चिंतामणी जाऊन म्हणाला, गणिताला तेवढी तिसरीत बसू द्या. सर अदबीने म्हणाले, "भैया, रजिस्टर में जहाँ नाम है, वहीं बैठेगी ना." मॅडमही नजर चुकवत म्हणाल्या, मैं अकेली थी, तब चल जाता था.

आठवड्याने त्याने भीतभीतच विचारलं, "सात आणि पाच?"

"अकरा," मैथिली म्हणाली.

"आता काहून?"

"बरोबर सांगितलं की सर म्हणतात, तू चुप बैठ, दूसरों को बोलने दे. चुकलं की जवळ बसवून समजावतात."

चिंतामणी दुकानात आला. कोरा कागद घेतला, 'महोदय' लिहिलं, खाली 'विषय' लिहिलं आणि थांबला. आलेले मास्तर परत न्या, असं लिहायचं? ज्यांचं भलं झालं त्या चाळीस पोरांच्या नावाने? मैथिली मागोमाग आली होती. ती स्टुलावर चढून फ्रेममधला अर्ज बोट फिरवत वाचत होती. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"बाबा," ती म्हणाली, "यात तर एक पण चूक नाही."